नऊ नंबरचा सूड

१ डिसेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, सूड. राग लिहून ठेवला नाही तर चार दिवसांत पातळ होतो, हा स्वानुभव आहे. मागे ऑफिसातल्या बडेबाबूंशी जन्मभर न बोलायचं ठरवलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या डब्यातली मेथीची भाजी खाऊन बसलो.

हकीकत अशी. काल नांदुरा फ्रेंड्स इलेव्हनची मीटिंग झाली. सव्वीस जानेवारीच्या फुटबॉल चषकासाठी टीम जाहीर करायची होती. कॅप्टन चिन्मय. हा माझा सख्खा मेहुणा, पद्मजाचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात हा हाफपँटवर जिलेबी वाढत होता. बॉलला लाथ कशी मारायची हे याला मी शिकवलं. यानं यादी वाचली. स्ट्रायकर, नऊ नंबर, म्हणजे इतकी वर्षं माझी जागा: आल्हाद. वय एकोणीस. मी वाट पाहत राहिलो. सबस्टिट्यूट वाचले, त्यातही मी नाही. सगळ्यात शेवटी म्हणे, आणि आपल्या टीमचे मार्गदर्शक, चिंतामण भाऊजी. टाळ्या. पोरांनी टाळ्या मनापासून वाजवल्या, हे जास्त लागलं.

मार्गदर्शक! आपल्याकडे माणसाला जिवंतपणी काढून टाकायचं असलं की मार्गदर्शक करतात. मी चहा न पिता उठून आलो. (बिस्किट आधीच घेतलं होतं.)

३ डिसेंबर

टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. दणका बसला असणार.

४ डिसेंबर

कोणाचाच फोन नाही. दणका बसला की नाही हे कळायला ग्रुपमध्येच असावं लागतं, ही त्या अॅपमधली त्रुटी आहे. परत सामील झालो. कोणी सोडल्याचीही दखल घेतली नव्हती, आल्याचीही नाही. रागानं पुन्हा सोडला.

५ डिसेंबर, रविवार असल्यासारखा दिवस, पण ऑफिस होतं

मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. माझं आयुष्य स्कॉटलंडात कोणीतरी आधीच जगून ठेवलंय!

नाव हेमिश मॅक्रेडी. स्ट्रायकर. सतराव्या वर्षी ग्लेनकार्डन क्लबात. नऊ नंबर. लोक त्याच्या नावानं गाणी म्हणायचे. मग नवीन मॅनेजर आला, त्यानं हेमिशला काढलं. हेमिश गप्प बसला नाही. या क्लबातून त्या क्लबात, लहान लहान गावांत खेळत राहिला. एका ठिकाणी तर मैदानाला लागूनच मेंढ्या. (आपल्याकडे बकऱ्या मैदानातच असतात, म्हणजे आपण एक पाऊल पुढे.) शेवटी एकोणचाळिसाव्या वर्षी ग्लेनकार्डनच्याच ग्राउंडवर, ग्लेनकार्डनच्याच विरुद्ध, शेवटच्या मिनिटाला त्यानं बॉल जाळ्यात घातला. आणि आनंद केला नाही. नाचला नाही, ओरडला नाही. दोन्ही हात वर, मान खाली. तिकडे रीत आहे म्हणे, जुन्या क्लबाविरुद्ध गोल मारला की जल्लोष करत नाहीत, मान राखतात. म्हातारे लोक प्रेक्षकांत रडत होते. मीही रडलो.

याच्याइतका जळजळीत अपमान जगात नाही. ठोकायचं, आणि वरून मान राखायचा.

तिथे व्हिडिओ संपला. गार्गी म्हणाली, बाबा, याचा दुसरा भाग पण आहे, पाहा ना. पोरगी सातवीत आहे, तिला काय सांगणार. गोल झाल्यावर दुसऱ्या भागात राहिलंच काय!

८ डिसेंबर

एसटीनं संग्रामपूरला जाऊन आलो. तिथली टीम दर वर्षी आमच्याकडून हरते. आमच्याकडून म्हणजे त्यांच्याकडून. सवय जायला वेळ लागेल. टीम चालवतो देवानंद, कृषी केंद्रवाला. त्याचा स्ट्रायकर नोकरीसाठी पुण्याला गेलाय. मी थेट सांगितलं, नांदुऱ्याचे सगळे कच्चे दुवे माझ्याजवळ आहेत. देवानंदनं खताच्या पोत्यावर बसवलं, चहा पाजला. म्हणे, भाऊ, आपल्याले काही चषक-बिषक नाई पाह्यजे, नांदुऱ्याले फक्त एक डाव हरवाचं हाय बस. वय विचारलं. छत्तीस सांगितलं. त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणे, पाणी बदललं का कुठं? मी हो म्हणालो.

नऊ नंबर मिळाला. हिरवी जर्सी, पाठीवर कापसाच्या बियाण्याची जाहिरात. पोटाला थोडी टाइट आहे. आटेल. जर्सी नव्हे, पोट.

१० डिसेंबर

आजपासून मॅक्रेडी पद्धत. सकाळी उठून थंड पाण्यानं आंघोळ, नाश्त्याला फक्त ओट्स, मग टेकडी चढून पळणं. मॅक्रेडी बर्फातल्या नदीत उतरायचा. आपण टाकीच्या पाण्यावर भागवू.

आंघोळ केली. ओरडलो नाही. पद्मजा म्हणते ओरडलात.

११ डिसेंबर

सर्दी. नाश्त्याला ओट्स खाल्ले. नंतर पोहे. मॅक्रेडीच्या देशात पोहे मिळत असते तर त्याचंही करिअर वेगळं झालं असतं.

१२ डिसेंबर

ताप. चिन्मयला कोणी कळवलं कोण जाणे, संध्याकाळी संत्री घेऊन हजर. शत्रू घरात येतो आणि आपण गोधडीत, याहून वाईट काय! मी भिंतीकडे तोंड केलं. तो पद्मजाला विचारत होता, ताई, भाऊजी काऊन बोलून नाई राह्यले? ती म्हणाली, त्याइचा सूड चालू हाय. तो म्हणे, बरं बरं, चालू द्या.

संत्री गोड होती. हे नोंदवण्याची गरज नव्हती.

१७ डिसेंबर

संग्रामपूरला प्रॅक्टिस. मागे सातपुडा दिसतो, अगदी स्कॉटलंड. फक्त ऊन वेगळं. पोरं चांगली आहेत, आदर देतात. माझा गुडघा वाकताना आवाज करतो, त्यावर एक पोरगा म्हणाला, भाऊ, तुमच्या गाडीचं ग्रीस संपलं. देवानंदनं त्याला दटावलं. मग मला बाजूला घेऊन म्हणे, भाऊ, तुमी काई पयू नका, त्याइच्या गोलजवळ उभे राहा बस, बॉल आमी तुमच्या पायात आणून देतो, तुमी फक्त ढकलजा.

म्हणजे पूर्ण टीम माझ्याभोवती बांधली आहे. नांदुऱ्यात इतकी समज कोणाला होती?

२४ डिसेंबर

आज गंमत लक्षात आली. फ्रेंड्स इलेव्हनचा हवा भरायचा पंप आणि त्याची पिन गेली कित्येक वर्षं आमच्या माळ्यावर आहे! देणार नाही. खेळा म्हणावं पिचक्या बॉलनं. दिवसभर उगाच हसत होतो. बडेबाबू म्हणाले, काही आनंदाची बातमी? मी म्हणालो, येईल लवकरच.

२६ डिसेंबर

पंक्चरच्या दुकानात हवा भरून मिळते म्हणे. मैदानासमोरच दुकान आहे. या गावात सूड घ्यायला जागाच ठेवली नाही.

१ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प.
चिन्मयशी बोलायचं नाही.
चष्मा लावून खेळायचं नाही. मॅक्रेडीनं कधी लावला नाही. चष्म्यामुळे समोरचा आपल्याला घाबरत नाही.
पोहे बंद.
गोल मारल्यावर हसायचं नाही. एकदाही नाही.

२ जानेवारी

पोह्यांचा संकल्प सोमवारपासून.

१४ जानेवारी, संक्रांत

सूडाला आज सुट्टी द्यावी लागली. चिन्मय तिळगूळ घेऊन आला. सणाच्या दिवशी गोड बोलणं भाग आहे, नाही तर पद्मजा वर्षभर कडू बोलते. मी तिळगूळ घेतला, पण नमस्कार एका हातानं केला. कळला असेल त्याला अर्थ.

मग तो खुर्ची ओढून जवळ बसला. म्हणे, भाऊजी, खरं सांगू का, त्या गुडघ्यापायी तुमचं नाव काढलं मी. डॉक्टर काय म्हणला होता ते ताईनं सांगतलं मले. पण माया डोक्यात एक हाय. शेवटचे दहा मिनिटं तुमी उतरा. नऊ नंबर घालून. आल्हाद देते तुमाले जर्सी, मी बोललो त्याच्याशी. आपल्या ग्राउंडवर, सगळ्याइसमोर. मंग हसतमुखानं निरोप.

दहा मिनिटं! वीस वर्षं या टीमसाठी घाम गाळला, आणि वर भिकेसारखी दहा मिनिटं! हातातला तिळगूळ संपवला. पाणी पिऊन मग शांतपणे सांगितलं की मी संग्रामपूरकडून खेळतो, पूर्ण मॅच, नऊ नंबर. त्याचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं.

तो गेल्यावर पद्मजा म्हणाली, तुमाले समोरून भरलेलं ताट आलं तरी दुसऱ्याच्या घरचं उष्टंच खाचं राहते. मला बरं वाटत होतं ते थोडं कमी झालं. झोप येईपर्यंत परत वाढेल.

२० जानेवारी

मास्टरस्ट्रोक! सव्वीस तारखेला प्रमुख पाहुणे आहेत किसनराव, माजी सभापती. पाहुणे वेळेवर येत नाहीत. ते आले की खेळ जिथे असेल तिथे थांबतो, सत्कार होतात, भाषण होतं, मग पुढे खेळ. दर वर्षीचं आहे. या वर्षी सत्काराच्या यादीत मी माझं नाव घालून आलो. ‘जिल्ह्यातील ज्येष्ठ स्ट्रायकर’. निवेदन करणारे आमच्याच ऑफिसातले, त्यांना परिचय मीच लिहून देणार आहे.

म्हणजे असं: फ्रेंड्स इलेव्हनचे अकराही जण मैदानात उभे राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवणार. चिन्मयसुद्धा. मग मी खाली उतरून त्यांनाच ठोकणार. मॅक्रेडीलाही हे सुचलं नव्हतं.

२३ जानेवारी

परिचय लिहून झाला. थोडक्यात लिहिला आहे. बालपण एकाच पानात आटोपलं.

२५ जानेवारी

आरशासमोर आनंद न करण्याची प्रॅक्टिस. दोन्ही हात वर, मान खाली, चेहरा गंभीर. पद्मजानं दारातून पाहिलं आणि बाम घेऊन आली.

गार्गीला विचारलं, उद्या कोणाकडून? ती म्हणाली, मी दोन्हीकडून. असं नसतं म्हणून समजावलं. ती म्हणाली, मग मामाकडून, कारण तो जिंकला की कुल्फी देतो. उद्यापासून हे घरही माझ्या बाजूला येईल.

२६ जानेवारी, दुपार

बॅगेत शूज, बाम, रोजनिशी. चष्मा मुद्दाम घरी ठेवला. ग्राउंड गच्च भरलंय. आमच्या गल्लीतले सगळे. मी हिरव्या जर्सीत उतरलो तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ओ चिंतामण भाऊ, रस्ता चुकले का! हसा. शेवटी कोण हसतं ते कळेल. मी तर हसणार नाहीच, तसा संकल्प आहे.

सायंकाळ, मंचामागे

गोल! गोल! गोल!

मांडीत गोळा आल्यानं बाहेर आणून बसवलंय. मंचाच्या मागे आहे, इथून मैदान दिसत नाही, पण मॅच संपतच आली आहे. क्रमानं लिहितो.

किसनराव यायचे तेव्हाच आले, म्हणजे उशिरा. मॅच अर्ध्याच्या जवळपास आलेली, शून्य-शून्य. शिट्टी वाजली, खेळ थांबला. मला मंचावर बोलावलं. शाल, नारळ, कपाळभर गुलाल. परिचय सुरू झाला. निवेदक सावकाश वाचतात, छान वाचतात. लोक सुरुवातीला टाळ्या वाजवत होते, नंतर शांतपणे ऐकत होते. किसनरावांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. खाली रेफरी काहीतरी ओरडत होता, उजेड कमी होतोय वगैरे, आणि पोरं इकडची तिकडे, तिकडची इकडे फिरत होती. ज्येष्ठांचा परिचय चालू असताना एका जागी उभं राहण्याची शिस्त नाही.

परिचय संपताच शाल टाकून मी तसाच धावत उतरलो. शिट्टी वाजलीच होती. आणि काय नशीब! बॉल घरंगळत थेट माझ्या पायाशी. देवानंदनं सांगितलं होतं तसं मी गोलकडे वळलो. समोर मोकळं रान! आल्हाद माझ्या बाजूनं पळत होता, पण बॉल काढून घ्यायची त्याची हिंमत झाली नाही. फ्रेंड्स इलेव्हनचं एक पोरगं आडवं आलं नाही. मागून माझी हिरवी पोरं जिवाच्या आकांतानं ओरडत होती, चिंतामण भाऊ, चिंतामण भाऊ! असं प्रोत्साहन मला आयुष्यात मिळालं नव्हतं. एक जण तर जोशात माझी जर्सीच ओढत होता. गोलकीपर दोन्ही हात हलवत पुढे आला. चष्मा नसल्यानं चेहरा नीट दिसला नाही, पण भीती दिसली. मी डावीकडे पाहिलं आणि उजवीकडे ढकलला. जाळ्यात!

असा कल्ला उठला की बकऱ्या पळाल्या. अख्खा नांदुरा उभा! मी हसलो नाही. दोन्ही हात वर, मान खाली. आणि तेव्हा जे झालं ते मॅक्रेडीच्याही नशिबात नव्हतं. फ्रेंड्स इलेव्हनची पोरं धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. चिन्मयनं मला उचललं. म्हणे, भाऊजी, तुमी कमाल माणूस हा! त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक कळली त्याला. माफ करायचं की नाही ते पाहू. दोन-तीन वर्षांनी.

संग्रामपूरची पोरं तर भारावून जागेवरच उभी. देवानंद कपाळाला हात लावून मातीत बसला होता. गहिवर आला असावा.

ढोल वाजतायत. मॅच संपली वाटतं. कोणी न्यायला येतंय का बघतो.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं

परिचय चालू असतानाच रेफरीनं हाफटाइम धरून साइड बदलली होती.

२७ जानेवारी

चूक कोणाची?

रेफरीची. साइड बदलली तर मंचावर येऊन सत्कारमूर्तीला सांगायला नको?
किसनरावांची. वेळेवर आले असते तर काही झालं नसतं.
निवेदकाची. सावकाश वाचतात.
परिचय लांब होता, हे मला मान्य नाही.

नांदुरा एक, संग्रामपूर शून्य. एकमेव गोल: चिंतामण.

ऑफिसला गेलो नाही. बडेबाबूंचा फोन आला, अभिनंदन म्हणाले आणि घाईनं ठेवला. मागून हसण्याचा आवाज येत होता. गार्गीला कुल्फी मिळाली. तिनं अर्धी माझ्यासाठी ठेवली होती, पातेल्यात. वितळली होती. प्यायलो.

दुपारी देवानंदचा फोन. शिव्यांची तयारी ठेवली होती. तो शिव्या देणारा माणूस नाही. म्हणे, भाऊ, झालं ते झालं, पोरं म्हणून राह्यली की चिंतामण भाऊनं टीम सोडू नये. मी हिरवी जर्सी कुठे टाकली ते शोधायला लागलो. मग म्हणे, पुढच्या वर्षी तुमी आमचे मार्गदर्शक व्हा.

२८ जानेवारी, सकाळ

दुसरा भाग पाहिला. कालचा दिवस घरातच होतो, दुसरं काही नव्हतं.

मॅक्रेडीचा तो गोल ऑफसाइड होता. रद्द झाला. गडी मान खाली घालून उभा होता तेव्हा शिट्टी आधीच वाजली होती, याला ऐकू आली नाही. त्या सीझनला तो रिटायर झाला. आता ग्लेनकार्डनच्या फाटकावर उभा राहून तिकिटं तपासतो. पांढरे केस. मुलाखतीत त्याला विचारलं, सगळ्यात वाईट कशाचं वाटतं? वाटलं, त्या गोलचं म्हणेल. तो म्हणाला, शेवटची मॅच त्यांच्या जर्सीत खेळलो नाही याचं.

पद्मजा मागे उभी राहून पाहत होती. मला इंग्रजी कळत नाही असं समजून तिनं अर्थ सांगितला. मग म्हणाली, दहा मिनिटं देऊन राह्यला होता ना पोरगा. मी मोबाइल उलटा ठेवला.

२८ जानेवारी, संध्याकाळ

सूडाची आग पुन्हा पेटली आहे! बसस्टँडवर फ्रेंड्स इलेव्हननं फ्लेक्स लावलाय म्हणे. माझा! गावभर तमाशा. गार्गीची क्राफ्टची कात्री घेऊन निघालो. दोरीच कापून टाकतो.

परत आल्यावर लिहितो.

फ्लेक्स मोठा आहे. वर लिहिलंय, ‘विजयी गोलचे शिल्पकार, आमचे मार्गदर्शक मा. चिंतामण भाऊजी यांचे हार्दिक अभिनंदन’. खाली सगळ्या पोरांचे लहान लहान चेहरे. मध्ये मी. आताचा नाही. चिन्मयनं कुठून फोटो काढला देव जाणे, बहुतेक त्याच्या पहिल्या मोबाइलवरचा असेल. काळे केस, पिवळी जर्सी, पाठ इकडे आणि मान वळवून हसतोय. पाठीवर नऊ. पुरुषभर उंचीचा नऊ.

तिथं चहाचा ठेला लावणाऱ्या सिंधूताईनं विचारलं, हे तुमीच का? हो म्हणालो. ती फोटोकडे आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, तवा लय पयत असान. मी पुन्हा हो म्हणालो. तिनं चहा दिला. नांदुऱ्याहून सुटणाऱ्या दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या आणि दोन्हींतले लोक खिडकीतून वर बघत होते. वीस वर्षांत माझा फोटो या गावात कुठे लागला नव्हता.

फ्लेक्सवाल्याला फोन करून विचारलं, हे किती दिवस टिकतं? माहिती असलेली बरी, पुढची पावलं त्यावर ठरतात. म्हणाला, ऊन वाढलं की रंग उडते, मार्चपर्यंत काई होत नाई.

सूड रद्द केलेला नाही. प्रलंबित ठेवला आहे.

खालच्या कोपऱ्याची दोरी सैल होती. वारा आला की नेमकी नऊवर घडी पडत होती. घट्ट गाठ मारून आलो.